अनोळखी पाणी आणि गळाचें आमिष

गेल्या दिवाळींत आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेहून उरणास आला होता. तिकडे तो चांगल्या हुद्द्यावर असून सुटीच्या दिवशीं गोड्या पाण्याच्या सरोवरांवर जाऊन गळानें मासे धरण्याचा नाद त्याला जडला आहे. येतांना त्यानें आपली काठी, दोऱ्याची चक्री आणि एक पेटी बरोबर आणली होती. ती पेटी त्यानें आमच्या ओटीवर उघडली तेव्हां आम्हांस क्षणभर कासाराच्या दुकानांत बसल्यासारखें वाटलें. कप्प्याकप्प्यांतून रंगविलेले लांकडी मासे, पितळी चमचे, रबराचीं गांडुळें, पिसांच्या माशा. लाल, हिरवें, रुपेरी असें सगळें झळकत होतें. "सर, करंज्याच्या खाडींत यांपैकीं काय टाकूं?" असें त्यानें विचारलें. आम्हीं आयुष्यभर इतिहास शिकविला. माशाशीं आमचा संबंध ताटापुरता. तरी शिष्यापुढें अज्ञान कबूल करणें गुरूच्या जिवावर येतें, म्हणून आम्हीं गंभीर मुद्रेनें एका रुपेरी चमच्याकडे बोट दाखविलें. तीन संध्याकाळीं तो चमचा खाडींत पडत आणि रिकामा वर येत राहिला.

चौथ्या दिवशीं आमच्या आळींतले एक वृद्ध आगरी गृहस्थ, ज्यांना लहानथोर सारे नाना म्हणतात, ती पेटी पाहावयास आले. एकेक आमिष हातांत घेऊन, निरखून त्यांनीं तें जागच्या जागीं ठेविलें आणि म्हणाले, "पोरा, पेटी तुझी बरी हाय. पन ह्या पान्यान मासा काय खातं, त पयलं बघलास का?" या एका प्रश्नानें आमच्या मनांत जो विचार सुरू झाला त्याचें फळ म्हणजे प्रस्तुत लेख होय.

ज्या पाण्याचा तळ आपणांस ठाऊक नाहीं आणि ज्यांतला मासा डोळ्यांस दिसत नाहीं, त्या पाण्याचा ठाव गळाच्या टोंकाला लावलेल्या एका लहानशा वस्तूवरून घ्यावयाचा, ही विद्या वाटते तितकी क्षुद्र नाहीं. आमिष म्हणजे पाण्याला विचारलेला प्रश्न. प्रश्न चुकला तर उत्तर येत नाहीं, आणि अडाणी मनुष्य समजतो कीं पाण्यांत मासाच नाहीं. आमच्या धंद्यांतहि असेंच आहे. दप्तरांत तह आणि लढाया हुडकावयास गेलेल्या मनुष्यास तह आणि लढाया सांपडतात, आणि त्याच रुमालांत बांधलेलीं कोळ्याआगऱ्यांचीं नांवें तो न वाचतां परत बांधून ठेवतो. पण हें विषयांतर झालें.

गळाचा इतिहास युरोपांत मोठ्या कौतुकानें लिहिला गेला आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या व तिसऱ्या शतकांच्या संधीवर होऊन गेलेल्या ईलियन नांवाच्या रोमन ग्रंथकारानें मॅसिडोनियांतील लोक गळाभोंवतीं तांबडी लोंकर गुंडाळून तिला कोंबड्याचीं दोन पिसें बांधतात व त्या खोट्या माशीनें नदींतले मासे फसवितात, असें लिहून ठेविलें आहे. खोट्या आमिषाचा इतका जुना व इतका स्पष्ट उल्लेख दुसरा क्वचितच सांपडेल. इंग्लंडांत १४९६ सालीं गळाच्या मासेमारीवरील एक निबंध छापला गेला. तो एका जोगिणीनें लिहिला अशी समजूत आहे. पुढें १६५३ सालीं आयझॅक वॉल्टनचें प्रसिद्ध पुस्तक निघालें. हें पुस्तक आम्हीं बी. ए.च्या वर्गांत असतां वाचलें. त्यांतील हिरवीं कुरणें, पक्ष्यांचे सूर आणि धर्मशील गप्पा यांवर आम्ही त्या वेळीं इतके लुब्ध झालों होतों कीं, आमच्या स्वतःच्या देशांत याच विषयावर वॉल्टनच्या पांचशें वर्षें आधीं एका राजानें लिहून ठेविलें आहे, याची आम्हांस वार्ताहि नव्हती. आमच्या प्राध्यापकांसहि ती नसावी.

तो राजा म्हणजे कल्याणीचा चालुक्य तिसरा सोमेश्वर. सहाव्या विक्रमादित्याचा हा पुत्र ११२६ च्या सुमारास गादीवर आला व ११३८ त वारला. 'भूलोकमल्ल' आणि 'सर्वज्ञ' या त्याच्या पदव्यांपैकीं पहिली त्यानें कितपत सार्थ केली हें सांगणें कठीण आहे, कारण बापाचें विस्तीर्ण राज्य त्याच्याच कारकीर्दींत सैल होऊं लागलें. दुसरी पदवी मात्र त्यानें एका ग्रंथाच्या बळावर खरी करून दाखविली. 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' हा तो ग्रंथ ११२९ ते ११३१ च्या दरम्यान रचला गेला. वीस वीस अध्यायांच्या पांच विंशति, म्हणजे एकंदर शंभर अध्याय, असा त्याचा विस्तार आहे. राज्य कसें मिळवावें येथपासून कोंबडे कसे झुंजवावेत येथपर्यंत कोणताहि विषय या राजानें वर्ज्य मानलेला नाहीं. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत गजानन श्रीगोंदेकरांनीं याचा पहिला भाग १९२५ त व दुसरा १९३९ त प्रसिद्ध केला. मराठी वाङ्मयाचे अभ्यासक या ग्रंथाकडे त्यांतील संगीताच्या प्रकरणांत आलेल्या जुन्या मराठी पदांसाठीं वळतात, आणि पाकशास्त्राचे रसिक त्यांत इडलीचें मूळ शोधतात. दोघेहि आपापला मासा घेऊन निघून जातात, आणि चौथ्या विंशतींतील 'मत्स्यविनोद' तसाच पाण्याखालीं राहतो.

या प्रकरणाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें तें सुंदरलाल होरा यांनीं. भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे हे संचालक मत्स्यशास्त्रांतील अधिकारी पुरुष होते. १९५१ सालीं एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्यांनीं या प्रकरणाचा परामर्श घेतला. पुढें २००५ सालीं नलिनी साधले व नेने यांनीं त्यावर पुन्हां विस्तारानें लिहिलें. सोमेश्वर काय करतो तें पाहण्यासारखें आहे. प्रथम तो मासे समुद्राचे कीं नदीचे हें विचारतो. नंतर खवल्यांचे कीं नुसत्या कातड्याचे. नंतर मोठे, मध्यम कीं लहान. अशा रीतीनें तो तीसांहून अधिक जाति सांगतो आणि मग मुख्य गोष्टीकडे येतो: कोणत्या जातीला कोणतें खाद्य प्रिय. पिठाचे व भाताचे गोळे, तिळाची पेंड, आणि मांसावर जगणाऱ्यांना मांस. काठी, दोरी व गळ यांचें वर्णनहि आहे, पण राजाचा भर साधनांवर नसून माशाच्या स्वभावावर आहे. आमच्या नानांनीं जो प्रश्न विचारला तोच, नऊशें वर्षांपूर्वीं, संस्कृत अनुष्टुभांत.

आतां येथें आपल्या लोकांना एक मोह होतो, आणि तो आम्हांसहि झाला. वॉल्टनच्या पांचशें वर्षें आधीं आमचा सोमेश्वर, असें म्हणून टाळी वाजवावी आणि थांबावें. परंतु ग्रंथ जरा बारकाईनें वाचला म्हणजे दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली अशी कीं, राजाचें पाणी अनोळखी नव्हतेंच. मासा धरावयाच्या आधीं त्याला खाऊं घालून माणसाळवावयाचा, ही त्याची रीत. खाद्य रोज त्याच जागीं पडूं लागलें कीं मासा त्या जागेस लागतो, आणि मग गळ कोठें टाकावा हा प्रश्नच उरत नाहीं. ही रीत किती प्रभावी आहे हें ज्यांना पाहावयाचें असेल त्यांनीं आमच्याच रायगड जिल्ह्यांत महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे तेथें जावें. वरदायिनी देवीचे म्हणून तेथील मासे कोणी मारीत नाहीं. भाविक खाणें टाकतात आणि हातहात लांबीचे महासीर पायरीजवळ गर्दी करतात. तेथें आंधळासुद्धां मासा दाखवील. सोमेश्वरापाशीं चाकर होते, तळीं होतीं आणि वेळ होता. त्यानें पाणी ओळखीचें करून घेतलें. ज्याच्यापाशीं एक काठी आणि एक ओहोटी एवढेंच भांडवल आहे त्याचा प्रश्न निराळा.

दुसरी गोष्ट अधिक मनाला लागणारी आहे. मत्स्यविनोदांतील नांवांपैकीं रोहित, पाठीन यांसारखीं थोडीं नांवें मनुस्मृतीपासून परिचयाचीं आहेत. बाकीचीं पुष्कळशीं नांवें देशी बोलींतून उचललेलीं दिसतात, आणि त्यांतला कोणता मासा म्हणजे आजचा कोणता याविषयीं विद्वानांचें एकमत होत नाहीं. हीं नांवें राजानें कोठून आणलीं असतील? राजवाड्यांत तीं उगवलीं नाहींत. कोणा भोयानें, कोणा कोळ्यानें हात जोडून उभें राहून तीं सांगितलीं असावींत, आणि राजानें तीं छंदांत बसविलीं. सांगणाराचें नांव ग्रंथांत नाहीं.

त्या काळीं उरणांत काय चाललें होतें? आमच्या गांवास लागून चाणजे म्हणून गांव आहे. तेथें उत्तर कोंकणच्या शिलाहार घराण्यांतील पहिल्या अपरादित्याचा शके १०६० चा शिलालेख मिळाला आहे. शके १०६० म्हणजे इसवी सन ११३८-३९. तिकडे कल्याणीस मत्स्यविनोदाचा कर्ता डोळे मिटतो न मिटतो तोंच इकडे चाणज्यास दगडावर दानाचीं अक्षरें खोदलीं जात होतीं. हा अपरादित्यहि लेखणीचा धनी. याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'अपरार्क' टीका त्याचीच मानतात, आणि त्यानें तेजकंठ नांवाचा पंडित काश्मिरास पाठविला होता हें मंखाच्या काव्यावरून कळतें. एक राजा करमणुकीवर लिहितो, दुसरा धर्मशास्त्रावर. एकाच पिढींत, एकाच सह्याद्रीच्या दोन अंगांस. शंभर-सव्वाशें वर्षांनीं याच चाणज्यास आणि शेजारच्या रानवडास आणखी एका सोमेश्वराचे लेख उमटले. हा शिलाहारांचा शेवटचा राजा. देवगिरीच्या महादेव यादवाशीं लढतां लढतां तो १२६५ च्या सुमारास समुद्रांत बुडून मेला. एका सोमेश्वरानें पाण्यांतून विनोद काढला. दुसऱ्यास पाण्यानें गिळलें. दोघांच्याहि राज्यांत करंज्याच्या खाडींत भरतीओहोटी दिवसांतून दोनदां होत होती आणि कोणीतरी तिच्यांत गळ टाकून बसलेला असणार. त्याच्याविषयीं ताम्रपट गप्प, शिलालेखहि गप्प.

पोर्तुगीज आले व गेले, मराठे आले. १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं साष्टीबरोबर करंजा बेट, म्हणजेच आमचें उरण, घेतलें आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें त्यांच्याकडे कायम झालें. त्यांच्याबरोबर गळाचा शौक आला. १८७३ सालीं मंगळुरास हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रासकडील मुलकी अधिकाऱ्यानें हिंदुस्थानांतील गळाच्या मासेमारीवर एक भलें मोठें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच दशकांत फ्रान्सिस डे यानें हिंदुस्थानच्या माशांचा आपला शास्त्रीय ग्रंथ काढला. टॉमसचें पुस्तक आम्हीं या निमित्तानें चाळलें, आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर आम्हांस तें आवडलें. मायदेशीं जो मान सामन माशाला, त्याहून अधिक मान आपल्या महासीरास त्याच्या जोराबद्दल दिला पाहिजे, असें तो निःसंकोच म्हणतो. परक्या देशांतले परके पाणी आणि परका मासा यांच्याशीं गांठ पडलेला हा मनुष्य आपल्या गांवची माशी येथल्या नदीवर हट्टानें लादीत नाहीं. तो पाहतो, चुकतो, पुन्हां पाहतो. सोमेश्वराचें पोथींतलें ज्ञान त्याला मिळण्यासारखें नव्हतें, त्याचा दोष त्याला देतां येत नाहीं. पण त्याच्या मागून आलेल्या पुष्कळ साहेबांनीं गळाची मासेमारी ही विलायतेहून आणलेली विद्या असून नेटिवाला फक्त जाळें आणि विष ठाऊक, असा जो समज करून घेतला, त्याला मात्र आधार नाहीं. खोटें आमिष त्यांचें, ही गोष्ट खरी.

या खोट्या आमिषाचा कारखाना झाला तो अमेरिकेंत. ज्युलिओ ब्यूएल नांवाच्या मनुष्याच्या हातून नावेंत जेवतांना चमचा सरोवरांत पडला, आणि गिरक्या घेत खालीं जाणाऱ्या त्या चमच्यावर मोठ्या माशानें झडप घातली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, १८५२ सालीं त्यानें फिरत्या आमिषाचा हक्क नोंदविला हें खरें. पुढें बास नांवाचा गोड्या पाण्यांतला मोठ्या जबड्याचा मासा तिकडील शौकिनांचें दैवत बनला. १८८१ त हेन्शल नांवाच्या वैद्यानें त्याच्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. आमच्या विद्यार्थ्याची पेटी याच परंपरेंतली. त्यानें आम्हांस समजावून सांगितलेली युक्ति मोठी तर्कशुद्ध आहे. नव्या सरोवरावर गेलें कीं प्रथम असें आमिष घ्यावयाचें कीं जें दूर फेकतां येईल व वेगानें ओढतां येईल. चमचा किंवा फिरकी. त्यानें थोड्या वेळांत पुष्कळ पाणी चाळून होतें आणि भुकेला, चिडका मासा आपली जागा सांगतो. जागा कळली कीं चमचा काढून रबराचें गांडूळ लावावयाचें आणि तें तळाशीं सावकाश सरकवावयाचें, म्हणजे आळशी मासाहि फसतो. पाणी स्वच्छ असेल तर फिका रंग, गढूळ असेल तर भडक किंवा काळा, आणि पाण्यांत धक्का पोंचविणारें आमिष. कारण माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनीं जी रेघ असते तिनें तो पाण्याची थरथर ओळखतो. सोमेश्वर माशाला आपल्याकडे बोलावतो. हा विद्यार्थी माशाला हुडकीत जातो.

मग करंज्याच्या खाडींत ही युक्ति फसली कां?

येथें आमच्या जिताड्याची गोष्ट सांगितली पाहिजे. बास या नांवाचा जो आशियाई समुद्रमासा इंग्रज सांगतात तोच हा. अमेरिकन बासाशीं त्याचें नातें नांवापुरतेंच, पण स्वभाव विलक्षण सारखा: दबा धरून बसावयाचें, आणि भक्ष्य टप्प्यांत आलें कीं जबडा उघडून पाण्यासकट तें आंत ओढून घ्यावयाचें. ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञानें १७९० सालीं त्याला शास्त्रांत आणलें; ऑस्ट्रेलियांत त्याला बॅरामंडी म्हणतात. त्याचा संसार चमत्कारिक आहे. जिताडा बहुधा नर म्हणून वयांत येतो आणि कांहीं वर्षांनीं मादी होतो, म्हणून फार मोठा जिताडा सहसा मादीच असते. अंडीं खाऱ्या पाण्यांत, खाडीच्या मुखाशीं. पिल्लें मात्र पावसाळ्याच्या उधाणाबरोबर आंत शिरतात, निमखाऱ्या आणि गोड्या पाण्यांत वाढतात, आणि मोठीं झालीं कीं पुन्हां समुद्राकडे वळतात. त्यामुळें त्याला समुद्राचा म्हणावें कीं नदीचा? सोमेश्वराच्या पहिल्याच प्रश्नाला हा मासा दाद देत नाहीं.

आणि याच स्वभावामुळें तो आमच्या खारलोकांचा झाला. उरण, पेण, अलिबाग या भागांतील शेती म्हणजे खाडीशीं केलेला तह आहे. बांध घालून खारें पाणी बाहेर ठेवावयाचें, आंत भात पिकवावयाचा, आणि बांधाला उघाडी ठेवून ओहोटीच्या वेळीं पावसाचें पाणी बाहेर सोडावयाचें. या उघाडीवाटे व बांधावरून आलेलीं जिताड्याचीं पिल्लें शेतकरी घरामागच्या तळ्यांत सोडीत. दोनतीन वर्षांनीं तो मासा लग्नाकार्याला किंवा पाहुण्याला उपयोगी पडे. जांवई आला कीं जिताडा, आणि कचेरींतलें काम अडलें कीं तेंहि जिताड्यानेंच सुटतें, असें या भागांत थट्टेनें म्हणतात. थट्टेंत थोडें सत्य असतेंच. पण तें कोणत्या कचेरीचें, हें आम्ही सांगणार नाहीं.

नानांनीं आमच्या विद्यार्थ्यास दोन दिवस आपल्याबरोबर हिंडविलें आणि आम्हीहि छत्री घेऊन मागून गेलों. पहिल्या दिवशीं गळ पाण्यांत टाकूं दिलाच नाहीं. ओहोटी लागतांना ते आम्हांस एका जुन्या उघाडीवर घेऊन गेले आणि "बसा" म्हणाले. पाणी बांधांतून बाहेर पडूं लागलें तशी त्याबरोबर बारीक कोलंबी निघाली, बोयांचीं पिल्लें निघालीं. चिखलावर निवट्या उड्या मारूं लागल्या. थोड्या वेळानें उघाडीच्या दगडाआड पाण्यांत एक भरीव आवाज झाला, जणूं कोणी रिकामी घागर उपडी बुडविली. नाना नुसते विद्यार्थ्याच्या तोंडाकडे पाहून हसले. मासा कोठें आहे, केव्हां खातो आणि काय खातो, हे तिन्ही प्रश्न आमिष न टाकतांच सुटले होते. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं जिवंत कोलंबी शेपटीकडून गळाला अशी लावली कीं ती मरूं नये, धडपडत राहावी. पाणी चहासारखें गढूळ होतें. "ह्या पान्यान तुझा चमचा कोन बगनार? मासा ऐकतं," असें ते म्हणाले. विद्यार्थ्याचें रेघेचें शास्त्र आणि नानांचें हें वाक्य यांत आम्हांस तरी कांहीं अंतर दिसलें नाहीं. उधाणाच्या दिवसांत पाणी फार धांवतें, भांगाला तें मेल्यासारखें पडतें, म्हणून मधले दिवस गळाला चांगले, हेंहि त्यांनींच सांगितलें. आमच्या विद्यार्थ्याचे पहिले तीन दिवस ऐन अमावास्येच्या उधाणांतले होते. त्या संध्याकाळीं प्रथम एक शिंगाळा लागला, त्याचा कांटा विद्यार्थ्याच्या बोटांत गेला, आणि अंधार पडतांना दोनेक किलोंचा जिताडा वर आला. आम्हींहि एकदां काठी हातांत घेऊन गळ फेकला. तो आमच्याच छत्रीला लागला.

येथवर ही हकीकत सुखाची आहे, आणि येथें लेख संपविला असता तर तो वॉल्टनच्या वळणाचा झाला असता. पण परततांना नाना जें बोलले त्यामुळें आम्हांस पुढें लिहिणें प्राप्त झालें. विद्यार्थ्यानें उत्साहानें विचारलें, "नाना, अशा उघाड्या आणखी कोठें आहेत?" नानांनीं बोटावर मोजावयास सुरुवात केली आणि मध्येंच सोडून दिली. ज्या गांवांची नांवें ते घेत होते तेथें आतां उघाडी नाहीं, कित्येक ठिकाणीं खाडीचा तो फांटाच नाहीं.

१९७० सालीं नवी मुंबई वसविण्याचें ठरलें आणि उरण-पनवेलच्या शेतजमिनी संपादण्याचें काम सुरू झालें. १९८४ च्या जानेवारींत जासई परिसरांत शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पांच जण मृत्यु पावले, हें आमच्या पिढीस विसरतां येणें शक्य नाहीं. १९८९ सालीं न्हावाशेव्यास बंदर सुरू झालें. बंदरानें देशाचा व्यापार वाढविला. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं चूल त्यावरच पेटते, आणि तें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु खाडी ही रस्त्यासारखी नसते कीं एक बाजू बुजविली तर दुसऱ्या बाजूनें वाहतूक चालेल. भराव पडला कीं भरतीची वाट बदलते. वाट बदलली कीं तिवरांची झाडी सुकते. झाडी गेली कीं कोलंबीचीं पिल्लें जातात, आणि ज्या दगडाआड जिताडा दबा धरी त्या दगडासमोर आतां भक्ष्यच येत नाहीं. २०१५ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणें खंडपीठानें या परिसरांतील १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लक्ष रुपये भरपाई द्यावी असा निकाल दिला. तेव्हां आम्हीं तो मोठ्या समाधानानें वाचला. रुपयांचा हिशेब करतां येतो, म्हणून तो झाला. कोणत्या तिथीस, कोणत्या वाऱ्यावर, कोणत्या दगडाआड मासा असतो हें ज्यांना ठाऊक होतें त्यांच्या त्या ठाऊक असण्याची किंमत कोणत्या कलमाखालीं मांडावयाची?

इतिहासकार म्हणून आम्हांस एक गोष्ट टोंचते. सोमेश्वरानें देशी नांवें लिहून तरी ठेविलीं. सांगणाराचें नांव त्यानें गाळलें म्हणून आम्हीं वर त्याच्याविषयीं थोडें कठोर लिहिलें. पण त्याची पोथी नसती तर नांवेंहि नसतीं. इंग्रज टॉमसनेंहि जें पाहिलें तें लिहिलें. आम्ही मात्र याच उरणांत वीस वर्षें राहून, पदवीधर म्हणवून, शेजारच्या ओटीवर बसलेल्या मनुष्यास एक अवाक्षर विचारलें नव्हतें. परदेशांतून एक पेटी आली नसती तर विचारलेंहि नसतें.

विद्यार्थी परत गेला. जातांना नानांच्या आग्रहास्तव त्यानें पेटींतला एक चमचा त्यांना देऊन टाकला. तोच रुपेरी, ज्याच्याकडे आम्हीं बोट दाखविलें होतें. नाना तो खुंटीला टांगून ठेवतील, नातवंडें खेळतील, असें आम्हांस वाटलें.

या वैशाखांत एके संध्याकाळीं आम्ही करंज्याकडे फिरावयास गेलों असतां नव्या भरावाच्या कडेला नाना उभे दिसले. तेथें पूर्वीं पाणी नव्हतें, खाजण होतें. आतां भराव टाकून उरलेल्या जागेंत एक रुंद चर तयार झाला असून त्यांत भरती शिरते. नानांच्या हातांत बांबूची काठी होती आणि ते तो चमचा दूर फेकून ओढीत होते. एकदां डावीकडे, एकदां समोर, एकदां उजवीकडे. आम्हीं जवळ जाऊन थट्टेनें विचारलें, "काय नाना, गढूळ पाण्यांत चमचा कोण बघणार?"

"सर," ते पाण्यावरची नजर न काढतां म्हणाले, "यो पानी आता माना वलखत नाय. कुटं हाय, काय खातं, कायच ठाव नाय. म्हनून यो फिरवून बगतू."

पायाशीं डबा होता. त्यांत पाण्यांत जिवंत कोलंबी ठेविली होती, चमच्यानें कोठें मासा दाखविला तर लावावयासाठीं. अंधार पडेपर्यंत आम्ही उभे होतों. मासा लागला नाहीं. नानांनीं डब्यांतली कोलंबी चरांत सोडून दिली आणि आम्ही दोघे घरीं आलों.